कॉम्प्युटर मधूनच बंद पडतो: रॅम, एसएमपीएस की बोर्ड? ओळखायचं कसं?

कपाशीचं_बोंड
राम राम मंडळी. पांढरकवड्यापासून आतल्या बाजूला एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, झेरॉक्स, सगळंच चालतं. कॉम्प्युटर जुना आहे: आय३ चौथी पिढी, एच८१ मदरबोर्ड, ४-४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, २४० जीबीची एसएसडी, सोबत जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क. एसएमपीएस (आतल्या पार्टांना करंट पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबतच आलेला, वर ४५० वॅट लिहिलंय. ६०० व्हीएचा यूपीएस.

त्रास असा की मशीन मधूनच फटकन रीस्टार्ट होते. निळा पडदा नाही, एरर नाही. स्क्रीन काळी आणि थेट बोर्डाचा लोगो. कधी दिवसातून तीन-चारदा, कधी आठवडाभर काहीच नाही. तालुक्याला दुरुस्तीला नेली की तिथं दिवसभर सुतासारखी सरळ चालते. दुकानवाल्याने आधी विंडोज मारून दिली, मग एक रॅम बदलली, आता म्हणतो बोर्ड गेलाय. परवा एका बाईचा दाखल्याचा अर्ज शेवटच्या पानावर असताना गेली. बाहेर ४४ डिग्री, दारात रांग, आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

एकेक पार्ट विकत घेऊन बदलत बसण्यापेक्षा नक्की काय बिघडलंय हे घरच्या घरी ओळखायची काही रीत आहे का?

झणझणीत_रस्सा
तालुक्याले नेलं की बरं वाटते न् घरी आणलं की पुन्हा कण्हते. आमचे बुढे बाबा बी सरकारी दवाखान्यात असंच करतात. :)

बिट_बाइट
दादा, पार्ट बदलणं आजच थांबवा. आधी विंडोजने काय लिहून ठेवलंय ते बघा. स्टार्टवर उजवी क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम. मशीन गेली त्या वेळेच्या आसपास 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद असणारच. ती दिसली म्हणून पॉवरच खराब असं लगेच धरू नका. 'मागच्या वेळी नीट बंद झालो नाही' एवढंच ती सांगते. तिच्या डिटेल्समध्ये बगचेककोड बघा. तिथे आकडा असेल तर विंडोज कोसळली होती. मग बहुतेक वेळा मिनिडंप (कोसळतानाच्या नोंदीची) फाइल सापडते आणि ड्रायव्हर की रॅम याचा माग लागतो. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाच वेळ मिळालेला नाही. म्हणजे बहुधा करंट तुटला किंवा बोर्डाने स्वतःच रीसेट मारला.

आणखी एक. सिस्टम प्रॉपर्टीजच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी आहे, तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढून टाका. बऱ्याचदा निळा पडदा येतो, पण वाचायच्या आत मशीन रीस्टार्ट झालेली असते.

निवांत_पाटील
कशाला एवढा खटाटोप? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. चौथ्या पिढीवर ११ अधिकृतपणे चढत नाही. नवीन घ्या, धंद्याच्या खर्चात दाखवा, निवांत राहा.

कपाशीचं_बोंड
@निवांत_पाटील, घेईन हो, पण सोयाबीन घरात पडून आहे, भाव येईल तेव्हा. तोवर हाच चालवायचा आहे.

@बिट_बाइट, बघितलं. ४१ च्या नोंदींची रांगच लागलीय. चार-पाच उघडून पाहिल्या, सगळ्यांत बगचेककोड ०. ऑटोमॅटिकली रीस्टार्टची खूण काढली, तरी काल दुपारी पुन्हा तसाच गेला. निळा पडदा नाहीच.

तूरडाळ
रॅम काढून सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा आणि परत घट्ट बसवा. कूलरच्या ओलसर हवेने त्या पट्टीवर थर धरतो. आमच्याकडे दर उन्हाळ्यात हेच करावं लागतं. ९० टक्के केसेस इथेच मिटतात.

सोल्डर_गन
तूरडाळभाऊ, रबर फिरवायला हरकत नाही, पण ९० टक्के कुठून काढले? मी अमरावतीत रिपेरिंगच करतो. रॅम खराब असली की शक्यतो निळे पडदे येतात आणि दरवेळी वेगळे: आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'पेज फॉल्ट', परवा 'आयआरक्यूएल'. ब्राउझरच्या टॅब मरतात, झिप फाइल उघडताना करप्ट म्हणते. इथे नुसता काळोख आहे.

तरी शंका ठेवू नका. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या. फुकट आहे. एक पास (पूर्ण फेरी) झाला म्हणून उठू नका, निदान चार होऊ द्या. एकही लाल ओळ आली तर रॅम एकेक करून तपासा, त्याच स्लॉटमध्ये. मग चांगली रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये. यातून रॅम वाईट की स्लॉट वाईट ते वेगळं होतं. आणि काहीही कराल ते एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालली, तर शिकलात काय?

रिफ्रेश_रेट
इंटेलच्या प्रोसेसरमध्येच घोळ होता ना? मी वाचलं होतं, गेम खेळताना क्रॅश होत होते.

बिट_बाइट
@रिफ्रेश_रेट, ते १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर. व्होल्टेज जास्त मागून ते कालांतराने अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडचे अपडेट काढले आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर कोणाकडे असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. चौथ्या पिढीशी त्याचा संबंध नाही.

चौथ्या पिढीची भानगड वेगळी होती. हे प्रोसेसर रिकामे असताना सी६-सी७ नावाच्या गाढ झोपेत जातात आणि १२ व्होल्टवरची मागणी इतकी कमी होते की काही जुने एसएमपीएस लोडच नाही असं समजून गडबडतात. मशीन नुसती पडून असतानाच जात असेल, तर बायोसमध्ये सी-स्टेट्स बंद करून बघा. मोफत प्रयोग आहे.

टेस्टर_पेचकस
भाऊ, मी वायरमन आहो, कॉम्प्युटरचं मले जास्त समजत नाही. पण एक सांगा, तालुक्याले तुम्ही नेता काय काय? नुसतं कॅबिनेट ना? प्रिंटर, यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, कूलर हे सगळं घरीच राह्यते. मंग मशीन तिथं चालन नाही तं काय होईन? बिघाड कॅबिनेटच्या बाहेर बी असू शकते, हे पाहा पहिले.

मोहफूल
टेस्टर_पेचकस यांचा मुद्दा अगदी बरोबर. आमच्या शाळेत (गडचिरोली जिल्हा) एक संगणक फक्त मधल्या सुट्टीनंतर बंद पडायचा. मुलं टेबलाखाली पाय हलवायची आणि सैल प्लग हलायचा. सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये तीन पिनचा प्लग नुसता लटकलेला होता, बारीक ठिणगीही दिसायची. सॉकेट बदलल्यावर तक्रार संपली.

दुसऱ्या एका संगणकात पुढचं रीसेटचं बटण धुळीने आत अडकत होतं. ते लक्षात यायला फार वेळ गेला. बोर्डावरून रीसेटची बारीक वायर काढून ठेवली की झालं, बटणाशिवाय काही अडत नाही.

झणझणीत_रस्सा
आमच्या एसएमपीएसमधून पाल निघाली होती. भाजलेली. तिचा इव्हेंट आयडी कोणता?

सोल्डर_गन
पाल, झुरळं, मुंग्या, सगळं निघतं. वणी-हिंगणघाटकडे जिनिंगजवळच्या ऑफिसातून मशीन येतात त्यांच्या हीटसिंकमध्ये कापसाची गादीच बसलेली असते. पंखा फिरतो, पण हवा आरपार जातच नाही. पण कपाशीभाऊ, नुसतं प्रोसेसर तापण्याचं प्रकरण असतं तर मशीन आधी मंद झाली असती. प्रोसेसर शंभरीजवळ गेला की आधी स्वतःचा वेग उतरवतो, अगदीच हाताबाहेर गेलं तरच बंद पडतो. एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाका, त्यात लॉगिंग चालू करा. दर दोन सेकंदांना तापमान फाइलमध्ये लिहिलं जातं. मशीन गेली की शेवटची ओळ वाचा.

कपाशीचं_बोंड
सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं.

मेमटेस्ट रात्रभर चालवला. सकाळी चार पास, शून्य एरर. रबर पण फिरवलं, तूरडाळभाऊ, फरक नाही. एचडब्ल्यूइन्फोची शेवटची ओळ: प्रोसेसर ६७ डिग्री. सी-स्टेट्स बंद केले, तरी गेली.

टेस्टरभाऊ, हो, नुसतं कॅबिनेट नेतो. घरी यूपीएसला कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर आणि लेझर प्रिंटर आहे. कूलर भिंतीच्या त्याच बोर्डवर, पण यूपीएसच्या बाहेर.

टेस्टर_पेचकस
लेझर प्रिंटर यूपीएसवर?? बाप्पा!

सोल्डर_गन
सापडलं. निदान अर्धं तरी.

लेझर प्रिंटरमध्ये कागदावर पावडर वितळवून चिकटवायला हीटर असतो. तो चालू होताना लहान प्रिंटरसुद्धा क्षणभर ८००-१००० वॅटपर्यंत ओढू शकतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. लाईट चांगली असेल तोवर हे निभावतं, कारण तेव्हा यूपीएस लाईनचाच करंट पुढे पाठवत असतो. पण दुपारी व्होल्टेज उतरलं आणि त्याच वेळी हीटरने झटका ओढला की ते आणखी खाली जातं. यूपीएस म्हणतो लाईट गेली आणि बॅटरीवर जातो. आता तोच हीटर त्या छोट्या बॅटरीच्या गळ्यात. आउटपुट कोसळतो, कॉम्प्युटर रीसेट. प्रिंट देत नसतानाही हे होऊ शकतं, कारण काही प्रिंटर तयार राहण्यासाठी हीटर मधून मधून गरम करत असतात. बॅटरी दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर विचारूच नका.

प्रिंटर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा, वेगळ्या. यूपीएस बनवणारेच सांगतात की लेझर प्रिंटर त्यावर लावू नका.

निवांत_पाटील
म्हणजे नवीन कॉम्प्युटर घेतला असता तरी हेच झालं असतं?

सोल्डर_गन
हो पाटील.

निवांत_पाटील
बरं.

तूरडाळ
व्होल्टेजचं खरं आहे. आमच्याकडे शेतीच्या फीडरला थ्री फेज आली की सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातला पंखा रांगायला लागतो. मीटर लावून पाहिलं, १७० वर होतं. नियमाने २३० च्या आसपास पाहिजे.

टेस्टर_पेचकस
आनं अर्थिंग पाहा. मे महिन्यात काळी माती फाटते, गड्ड्याजवळची ओल जाते, मंग अर्थ नावालेच उरते. न्यूट्रल ते अर्थ मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर नको. माह्या पाहण्यात २०-३० व्होल्टवाले घरं हायेत, कॅबिनेटले हात लावला की चुणचुण होते. मिठाचं पाणी टाकत जा गड्ड्यात उन्हाळ्याभर. पण मोजायचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, फेजशी खेळ नाही.

बिट_बाइट
अर्थिंग नसेल तर चुणचुण होईल, माणसाला धोका आहे, त्यामुळे दुरुस्त करायलाच हवं. पण त्याने मशीन रीस्टार्ट होते हे मला पटत नाही. एसएमपीएस फेज-न्यूट्रलवर चालतो.

टेस्टर_पेचकस
पुस्तकात नसन होत. आमच्या इकडे होते. अर्थ ठीक केला न् मशीन थांबली असे मी स्वतः पाह्यले.

बिट_बाइट
अर्थ ठीक करताना सॉकेट, न्यूट्रलचा सैल स्क्रू हे पण घट्ट केलं असेल ना?

टेस्टर_पेचकस
ते तं करतोच. सैल ठेवून येऊ काय?

बिट_बाइट
तेच म्हणतोय.

कपाशीचं_बोंड
अपडेट. प्रिंटर वेगळ्या सॉकेटवर नेला. खूप कमी झालं. पण पूर्ण गेलं नाही. आता फक्त दुपारी, दोन ते पाचच्या मधे, तेही रोज नाही. काल तर प्रिंटर बंदच होता. कूलर चालू-बंद करून पाहिला, त्याचा काही संबंध दिसत नाही. यूपीएस बाजूला ठेवून सरळ लाईटवर लावला, तरी एकदा गेलाच. आणि एक विचित्र गोष्ट: मुलाने टेबल ओढला तेव्हाही गेला.

सोल्डर_गन
टेबल ओढला आणि गेला, हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे. म्हणजे दोन बिघाड एकावर एक बसलेत. दुपारी उष्णतेने धातू पसरतो, सैल संपर्क आणखी सैल होतो.

प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या, मग कॅबिनेट उघडा. प्रोसेसरजवळ चार पिनचा चौकोनी कनेक्टर असतो, दोन पिवळ्या, दोन काळ्या वायरी. प्रोसेसरला करंट तिथूनच जातो. तो काढा आणि उजेडात आतून बघा. मग २४ पिनचा मोठा. मग प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर, डोकं फुगलंय का.

एसएमपीएस मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास साठलेले असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ.

मोहफूल
सोल्डर_गन, मल्टीमीटरने बाहेरून एसएमपीएस तपासता येतो ना? पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३?

सोल्डर_गन
येतो मॅडम. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. पण चालू मशीनवर, लोड असताना मोजा. याच्या बाहेर दिसलं तर एसएमपीएस बाद. आत दिसलं तर मात्र तो चांगला आहे असं सिद्ध होत नाही. साधा मीटर सरासरी दाखवतो. एखाद्या मिलिसेकंदाची बुडी त्याला कळत नाही, बोर्डाला कळते. त्यासाठी खात्रीचा एसएमपीएस तासाभरासाठी नाही, आठवडाभरासाठी मागून आणायचा. मधूनच येणाऱ्या बिघाडाला 'एक तास चाललं, झालं' हे लागू नाही.

कपाशीचं_बोंड
फोटो टाकलाय, बघा.

चार पिनच्या कनेक्टरमध्ये एका पिवळ्या वायरीच्या घराचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडून जरा सुजलंय. आतली पिन बाकीच्यांपेक्षा मागे सरकलेली दिसते, रंग काळपट. वायरीचं आवरण त्या टोकाला कडक झालंय, वाकवलं तर तडकतं. काढताना कनेक्टर चिकटून बसला होता, हळूहळू हलवून काढावा लागला. बोर्डाकडच्या त्याच पिनवर पण काळसर डाग आहे. कपॅसिटर सपाट आहेत, फुगलेले नाहीत.

झणझणीत_रस्सा
लेका, हे तं कणसासारखं भाजलं.

सोल्डर_गन
हेच. पिनची पकड सैल झाली की तिथे रोध वाढतो, रोध वाढला की ती तापते, तापली की पकड आणखी सैल. बोर्ड गेलेला नाही. नुसतं परत घट्ट बसवून चालवू नका, आठ दिवसांत तेच होईल. एसएमपीएस बदला, लोकल नको, वजनदार आणि प्रमाणपत्र असलेला घ्या; ४५० खरे वॅट तुमच्यासाठी पुष्कळ झाले. बोर्डाकडचं सॉकेट जळालेलं असेल तर तेही बदलून घ्या, नाहीतर नवीन कनेक्टरची पिनही खराब होईल. चांगली सोल्डरिंग असलेल्या माणसाचं ते अर्ध्या तासाचं काम आहे.

तूरडाळ
आणि तालुक्यात का चालायची? तिथे एसी असेल, टेबल कोणी ओढत नसेल आणि प्रिंटर तर घरीच.

बिट_बाइट
शिवाय नेताना कोणीतरी कॅबिनेट उघडून सगळे कनेक्टर दाबून बघतो. तेवढ्याने दोन-चार दिवस बरं चालतं. म्हणूनच 'विंडोज मारली आणि सुधारलं' असं वाटतं.

कपाशीचं_बोंड
यवतमाळला जाऊन सॉकेट बदलून आणलं, एसएमपीएस नवीन टाकला, यूपीएसची बॅटरीपण. अजूनपर्यंत एकदाही गेली नाही, आणि दुपारी कनेक्टरला बोट लावून पाहतो, थंड असतो. टेस्टरभाऊ, अर्थ मोजून घेतला, १४ व्होल्ट निघाला. गड्डा नवीन करायला सांगितलाय.

दुकानवाल्याने काढून घेतलेली जुनी रॅमपण परत मागितली. जरा तोंड वाकडं केलं, पण दिली. मेमटेस्टला लावली, निर्दोष निघाली.

निवांत_पाटील
आता किती खर्च झाला एकूण?

कपाशीचं_बोंड
दुकानवाला बोर्डाचे सांगत होता त्यापेक्षा कमी. आकडा सांगत नाही, घरचे पण हा धागा वाचतात.

मोहफूल
यावरून आठवलं, आमच्या शाळेत यूपीएसऐवजी इन्व्हर्टर आहे. लाईट गेली की दिवे नुसते डोळा मिटतात, पण संगणक मात्र रीस्टार्ट होतात. हे कशामुळे?

टेस्टर_पेचकस
मॅडम, इन्व्हर्टरच्या मागे एक बटण राह्यते, यूपीएस मोड आनं नॉर्मल मोड, कोणी इको म्हणते. नॉर्मलमध्ये तो १०० ते २९० व्होल्टपर्यंत लाईन तशीच घेते न् बदलाले वेळ लावते. यूपीएस मोडमध्ये १८० ते २६० च्या बाहेर गेलं की लगेच बॅटरीवर जाते. कॉम्प्युटरले यूपीएस मोड पाहिजे.

बिट_बाइट
बरोबर. एसएमपीएस लाईटशिवाय साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, स्वस्तातला त्याहून कमी. नॉर्मल मोडमध्ये बदल व्हायला त्यापेक्षा जास्त वेळ जातो. पण तुमच्याकडे व्होल्टेज कायम १८० च्या खाली राहत असेल तर यूपीएस मोडमध्ये तो दिवसभर बॅटरीच खाईल. तिथे आधी स्टॅबिलायझर लागेल.

मोहफूल
बटण नॉर्मलवरच होतं. व्होल्टेज सकाळी २१५, दुपारचं उद्या मोजते.

रिफ्रेश_रेट
माझा मॉनिटर कधी कधी दोन सेकंद काळा होऊन परत येतो, कॉम्प्युटर चालू राहतो. इथेच विचारू का?

सोल्डर_गन
नवीन धागा काढ बाबा. आणि आधी केबल दोन्हीकडून काढून परत लाव, टेबल ओढून बघ.